पाय दुखले, हेच पहिलं वाक्य

मागच्या अंकात मी विचारलं होतं, की कलासंग्रहालयात किंवा ऑपेराला आयुष्यात पहिल्यांदा गेलात तेव्हा खरोखर काय वाटलं ते कळवा. विचारण्यामागे जुना हिशेब होता. २६ वर्षं मी कॉलेजात कलेचा इतिहास शिकवला आणि दर सहलीनंतर मुलांकडून 'पहिला अनुभव' म्हणून एक पान लिहून घेतलं. त्यातली निम्मी पानं 'अविस्मरणीय' या शब्दाने सुरू व्हायची. त्यांतलं एकही आज मला आठवत नाही. तुमची पत्रं मात्र बरीच खरी निघाली. काहींना उत्तरं देते.

प्रश्न : मॅडम, मी सध्या फ्रान्समध्ये शिकते. वर्गाबरोबर लुव्र बघायला गेलो होतो. तीन तास नुसते चाललो. मोनालिसासमोर गर्दीत उभी राहिले, ती वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघाली, आणि मला काहीच वाटलं नाही. आता 'पहिला अनुभव' म्हणून दोन पानं लिहून द्यायची आहेत. मैत्रिणींनी 'भारावून गेले' असं लिहिलंय. मला फक्त पाय दुखल्याचं आठवतंय. मी अरसिक आहे का?

उत्तर : अरसिक नाहीस गं, दमली होतीस. आणि या दमण्याला शंभर वर्षांपासून नाव आहे. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातले बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी १९१६ साली 'म्युझियम फटीग', म्हणजे संग्रहालयाचा थकवा, या विषयावर लेख लिहिला. त्यांनी काय केलं, तर चांगली नजर असलेल्या एका माणसाला काचेच्या कपाटांमधल्या वस्तूंबद्दल प्रश्न दिले आणि उत्तरं शोधताना त्याचे फोटो काढत गेले. फोटोंत तो बिचारा कुठे कमरेत वाकलाय, कुठे जवळजवळ उकिडवा बसलाय, कुठे मान वाकडी करून वरच्या फळीवरचं काहीतरी वाचायची धडपड करतोय. गिलमन यांचं म्हणणं होतं की दोष बघणाऱ्याचा नाही, वस्तू मांडणाऱ्यांचा आहे. तेव्हा तुझे पाय दुखले हे तुझ्या पानाचं पहिलं वाक्य म्हणून मला फार आवडलं. तेच ठेव.

आता मोनालिसा. ते चित्र ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद आहे. वर्तमानपत्र पूर्ण उघडून उभं धरलं तर साधारण तेवढंच. पॉप्लरच्या लाकडी फळीवर रंगवलेलं, काचेमागे ठेवलेलं. एवढंसं चित्र शंभर डोक्यांवरून बघायचं म्हणजे खिडकीतून हळू आवाजात बोलणाऱ्या माणसाचं बोलणं बाजारातून ऐकायचं. काही वाटलं नाही, यात नवल कसलं?

तू मागे वळून बघितलंस का, हे मात्र मला विचारायचंय. मोनालिसाच्या समोरच्या भिंतीवर वेरोनेजे या इटालियन चित्रकाराचं, बायबलमधल्या काना गावातल्या लग्नाचं चित्र आहे, १५६३ सालचं. जवळजवळ दहा मीटर रुंद आणि पावणेसात मीटर उंच. लुव्रमधलं सगळ्यात मोठं चित्र, त्यात सव्वाशेच्या वर माणसं. मधोमध वादक बसलेत, त्यांच्यापुढे कुत्री आहेत, येशू पंगतीच्या मध्यभागी शांत बसलाय आणि त्याच्या डोक्याच्या वरच्या बाजूला कुणी मांस कापत उभं आहे. इतकं प्रचंड काम, आणि खोलीतली बहुतेक माणसं त्याच्याकडे पाठ करून हात उंचावून फोन धरून उभी. तू हे दृश्य बघितलं असशील तर तुझं दुसरं वाक्य तयार आहे.

मोनालिसा एवढी प्रसिद्ध का, याचं एक कारण चित्राच्या बाहेरचंही आहे. १९११ च्या ऑगस्टमध्ये ती चोरीला गेली. लुव्रमध्ये काम केलेल्या विन्चेन्झो पेरूजा नावाच्या इटालियन कामगाराने ती भिंतीवरून काढली आणि नेली. दोन वर्षांनी फ्लॉरेन्समध्ये सापडली. मधल्या काळात लोक रांगा लावून लुव्रमध्ये यायचे, ती टांगलेली होती ती रिकामी जागा बघायला! गर्दी बघून गर्दी कशी जमते, याचा यापेक्षा चांगला नमुना मला ठाऊक नाही.

आणखी एक आकडा देते, मैत्रिणींना दाखव. २००१ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या एका अभ्यासात लोक एकेका चित्रासमोर किती वेळ थांबतात ते घड्याळ लावून मोजलं होतं. मधला आकडा निघाला १७ सेकंद. खालची पाटी वाचण्याचा वेळ त्यातच. १७ सेकंदांत कुणी भारावत असेल तर भारावो बापडा. माझा विश्वास नाही.

पुन्हा जाशील तेव्हा एकच दालन ठरव, बसायला बाक असलेलं. बाकी लुव्र सोडून दे. ते १७९३ पासून लोकांना खुलं आहे, पळून जात नाही.

प्रश्न : मी पहिल्यांदाच ऑपेरा बघितला, 'ला त्राविआता'. शेवटी नायिका क्षयाने मरत असते आणि मरता मरता इतक्या जोरात गाते की मला हसू फुटलं. शेजारचे वळून बघायला लागले. घरी येऊन फार अपराधी वाटलं. शिवाय इटालियन येत नाही, वरच्या पट्टीवर येणारा अनुवाद वाचण्यात अर्धं लक्ष गेलं. भाषा येत नसेल तर ऑपेराला जाण्यात अर्थ आहे का?

उत्तर : हसलास म्हणून माफी मागायची असेल तर ती हा ऑपेरा रचणाऱ्या व्हेर्दीकडे मागावी लागेल, आणि त्याला याची सवय होती. 'ला त्राविआता'चा पहिला प्रयोग व्हेनिसमध्ये ६ मार्च १८५३ ला झाला तेव्हाही शेवटच्या अंकात प्रेक्षक हसले होते. नायिकेची भूमिका करणारी गायिका अंगाने चांगली भरलेली होती, आणि क्षयाने खंगून ती मरते आहे हे लोकांना पटेना. दुसऱ्या दिवशी व्हेर्दीने मित्राला लिहून टाकलं की प्रयोग पडला, दोष माझा की गाणाऱ्यांचा ते काळ ठरवील. पुढच्याच वर्षी त्याच गावात दुसऱ्या नाट्यगृहात तोच ऑपेरा थोड्या फेरफारांनी उचलला गेला. तेव्हा तुझं हसू तसं खानदानी आहे.

पण हसू का येतं ते बघू. आपण सिनेमाच्या सवयीने बसतो. तिथे मरणारा माणूस कुजबुजतो, कारण मायक्रोफोन त्याच्या ओठांशी असतो. ऑपेरात एरवी मायक्रोफोन नसतो. साठ-सत्तर वाद्यं रंगमंचापुढच्या खड्ड्यात वाजताहेत आणि एका माणसाचा गळा त्यांच्यावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचाय. हे नुसत्या ताकदीने होत नाही. योहान सुंडबर्ग या स्वीडिश संशोधकाने दाखवून दिलं की वाद्यवृंदाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या (हे सुराची उंची मोजायचं एकक) आसपास सगळ्यात जास्त असतो आणि वर जाल तसा उतरतो. तयार गायक, विशेषतः पुरुष आणि खालच्या पट्टीत गाणाऱ्या स्त्रिया, घशाचा आकार असा बदलतात की आवाजाला ३००० हर्ट्झजवळ एक उंचवटा येतो. तिथे वाद्यं विरळ असतात. म्हणजे गर्दीच्या रस्त्यात कोपराने ढकलत न जाता मोकळी गल्ली धरायची.

उंच सुरांत गाणाऱ्या बायकांचं तंत्र निराळं. त्या सुराबरोबर तोंड उघडत नेतात आणि त्यात स्वरांचे उच्चार बदलून जातात. फार वरच्या सुरात 'ई' आहे की 'आ' हे ऐकून सांगता येत नाही. तेव्हा भाषेची काळजी सोड. त्या जागी इटालियन माणसालाही शब्द कळत नाहीत!

अनुवादाची पट्टी तशी अलीकडची. जानेवारी १९८३ मध्ये टोरांटोला कॅनेडियन ऑपेरा कंपनीने 'इलेक्ट्रा'साठी ती पहिल्यांदा वापरली. त्यावर त्या वेळी नाकं मुरडणारे पुष्कळ होते. माझं मत विचारशील तर पट्टी असावी, पण घरून गोष्ट वाचून जावं. ऑपेराच्या गोष्टीत रहस्य नसतंच. शेवट ठाऊक असला तर पट्टीवरची नजर निघते आणि कान मोकळे होतात. आणखी एक लक्षात ठेवलंस तर हसू आपोआप कमी होईल : एकल गाणं, म्हणजे आरिया, सुरू झाली की गोष्टीचं घड्याळ थांबतं. नायिका दहा मिनिटं मरत नसते. मरणाच्या एका क्षणात तिच्या मनात जे काय चाललंय ते आपल्याला दहा मिनिटं उलगडून दाखवतात.

पुन्हा ऐकशील तेव्हा तिसऱ्या अंकातली एक जागा पकड. नायिका व्हिओलेता अंथरुणात आहे, हातात पत्र आहे. अख्खा ऑपेरा गाण्यात चाललाय, आणि हे पत्र ती गात नाही, वाचते. साध्या बोलण्याच्या आवाजात. मागे व्हायोलिनवर पहिल्या अंकातली प्रेमाची धून हलकेच चालू असते. पत्रात आहे की तिचा प्रियकर येतोय. वाचून होतं, आणि ती एवढंच म्हणते की उशीर झाला. त्या जागी मी आजवर कुणाला हसताना ऐकलं नाही.

प्रश्न : संग्रहालयात फोटो काढावेत का? आमचे सर म्हणतात नको, मित्र म्हणतात आठवण राहते.

उत्तर : आठवण फोनला राहते. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितलं, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवत होत्या. गंमत अशी, की वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला तेव्हा हा तोटा झाला नाही. म्हणून माझी तडजोड : परवानगी असेल तर फ्लॅश न लावता एकच फोटो, तोही एखाद्या बोटाचा, बटणाचा, पडद्याच्या चुणीचा. अख्ख्या चित्राचे चांगले फोटो संग्रहालयाच्या संकेतस्थळावर असतातच.

प्रश्न : आधुनिक कलेच्या दालनात एक कॅनव्हास होता, पूर्ण निळा. फक्त निळा. खाली ईव्ह क्लाईन असं नाव. खरं सांगू? हे मीही केलं असतं. असं वहीत लिहिलं तर मार्क जातील का?

उत्तर : माझ्याकडे असतास तर गेले नसते, पण पुढे लिहायला लावलं असतं. केलं असतंस तर नेमकं कसं?

क्लाईनची अडचण अशी होती : निळ्या रंगाची कोरडी पूड दिसायला विलक्षण झगझगीत असते, पण तेलात कालवली की मंदावते. त्याला तो पुडीचाच निळा भिंतीवर हवा होता. पॅरिसमधल्या एका रंगविक्रेत्याच्या मदतीने त्याने अशी कृत्रिम राळ शोधली की पूड चिकटून राहील पण चमक मरणार नाही, आणि ती रोलरने लावली. चित्र समोरून बघितलंस, आता बाजूला जाऊन तिरक्या नजरेने बघ. पृष्ठभाग खरखरीत दिसतो, उजेड गिळणारा. पाच मिनिटं बघून पांढऱ्या भिंतीकडे नजर वळवलीस तर तिथे पिवळट डाग दिसेल. हे सगळं करूनही आवडलं नाही, तर नाही आवडलं. मलाही दर वेळी आवडत नाही.

पण नावडतं लिहायचं तर लुई लरुआसारखं लिही. १८७४ मध्ये पॅरिसला काही चित्रकारांनी स्वतःचं प्रदर्शन भरवलं. मोनेचं धुक्यातल्या बंदरावरचा सूर्योदय दाखवणारं चित्र त्यात होतं, नावात 'इम्प्रेशन' हा शब्द. लरुआने वर्तमानपत्रात टवाळी केली, की भिंतीला चिकटवायचा कच्चा कागदसुद्धा या समुद्रापेक्षा पूर्ण असतो. लेखाच्या मथळ्यात त्याने 'इम्प्रेशनिस्टांचं प्रदर्शन' म्हटलं, आणि ती शिवी पुढे त्या चित्रकारांनीच नाव म्हणून लावून घेतली. माणूस चुकला, पण बघून चुकला. रंग अर्धवट दिसतो हे त्याला बरोबर दिसलं होतं. त्या प्रदर्शनाला 'सुंदर' म्हणणारे कोण होते, ते कुणाच्या लक्षात आहे?

प्रश्न : मी शाळेत शिक्षिका आहे. नववीच्या चाळीस मुलांना कलासंग्रहालयात नेलं. परत आल्यावर निबंध लिहून घेतले, तर चाळीसही निबंध सारखे. 'तेथील चित्रे पाहून आम्ही थक्क झालो.' बसमधला दंगा मात्र चाळीस प्रकारचा होता. पुढच्या वर्षी ऑपेराचा विचार आहे. पण या सहलींचा खरंच उपयोग होतो का, की आपणच आपलं समाधान करून घेतो?

उत्तर : बाई, तुमच्या प्रश्नावर चक्क मोठा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत आर्कान्सामध्ये २०११ साली क्रिस्टल ब्रिजेस हे संग्रहालय उघडलं. सहलीसाठी इतक्या शाळांचे अर्ज आले की चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. संशोधकांना आयतीच तुलना मिळाली : चिठ्ठी निघालेल्या शाळा आणि न निघालेल्या. १२३ शाळा, जवळजवळ ११ हजार मुलं. गेलेल्या मुलांना पुढे एक न बघितलेलं चित्र दिलं, तर त्यांनी त्यावर जास्त बारकाईने लिहिलं. लहान गावांतल्या आणि गरीब वस्तीतल्या मुलांमध्ये फरक अधिक मोठा होता. मला आवडलेला तपशील वेगळाच आहे. तिथे मेपलच्या रसापासून साखर करणाऱ्या लोकांचं एक चित्र होतं. गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या साखरधंद्याला शह म्हणून गुलामगिरीचे विरोधक ही साखर करत, असं मुलांना तिथे बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं. परीक्षा नव्हती, पाठांतर नव्हतं. काही आठवड्यांनी विचारलं तर ८८ टक्के मुलांना ते आठवत होतं.

तेव्हा उपयोग होतो. निबंध सारखे येतात ते आपल्यामुळे. आपण 'कसं वाटलं' विचारतो, आणि वाटण्याचे शब्द मुलांकडे तीनच असतात. 'काय दिसलं' विचारा.

एका अभ्यासदौऱ्यात मी विद्यार्थ्यांना ॲमस्टरडॅमला रेम्ब्राँच्या 'नाइट वॉच', म्हणजे 'रात्रीचा पहारा', या चित्रासमोर उभं केलं आणि सांगितलं, दहा मिनिटं बोलायचं नाही, पाटी वाचायची नाही, दिसेल ते लिहायचं. चौथ्या मिनिटाला चुळबुळ सुरू. सहाव्या मिनिटाला मागच्या रांगेतली एक मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, त्या छोट्या मुलीच्या कमरेला कोंबडी का लटकवलीय?"

मला हसू आलं आणि अभिमानही वाटला. कोंबडीच त्या चित्राची किल्ली आहे. हे बंदूकधारी नागरिकांच्या एका तुकडीचं चित्र, आणि पक्ष्याचा पंजा हे त्या पथकाचं चिन्ह. चिन्ह भिंतीवर रंगवण्याऐवजी रेम्ब्राँने एका उजळ मुलीच्या कमरेला मेलेली कोंबडी टांगली, पंजे वर. मग दुसरा एक जण म्हणाला की पुढच्या कप्तानाच्या हाताची सावली शेजारच्याच्या पिवळ्या अंगरख्यावर पडलीय, मग ही रात्र कशी? अगदी बरोबर! ही रात्र नव्हेच. १६४२ चं हे चित्र वरचं वॉर्निश काळवंडल्यामुळे रात्रीचं वाटू लागलं आणि ते नाव चिकटलं. १७१५ मध्ये नगरभवनाच्या भिंतीवर बसत नव्हतं म्हणून ते चारही बाजूंनी कापलं, हे मी सांगितलं तेव्हा मुलांनी असा काही उसासा टाकला की पहारेकरी वळून बघायला लागला. त्या दिवशीची पानं सारखी नव्हती. कोंबडीवालीने पान कोंबडीनेच सुरू केलं होतं आणि 'थक्क' हा शब्द कुठेही नव्हता.

ऑपेरासाठी नववीच्या मुलांना वाग्नरकडे नेऊ नका, चार-चार तास कोण बसणार. मोझार्टचा 'मॅजिक फ्लूट' उत्तम. १७९१ साली तो राजवाड्यात नाही, व्हिएन्नाच्या उपनगरातल्या लोकांच्या नाट्यगृहात झाला. मधे साधे बोललेले संवाद आहेत, पिसांचा पोशाख केलेला बढाईखोर पारधी आहे, आणि रात्रीची राणी हे पात्र चिडून इतक्या वरच्या सुरात जातं की मुलं एकमेकांकडे बघतात. आधी वर्गात गोष्ट सांगा आणि राणीचं ते गाणं दोनदा ऐकवा. हुंपरडिंकचा 'हॅन्सेल आणि ग्रेटेल' हाही चालेल. गोष्ट त्यांना माहीत असतेच.

थोडक्यात काही :

टाळ्या कधी वाजवायच्या? आरिया संपल्यावर चालतात, पण पहिल्या वेळी इतरांच्या मागून वाजवा. ओरडायचं असेल तर पुरुषाला 'ब्राव्हो', बाईला 'ब्राव्हा', सगळ्यांना मिळून 'ब्राव्ही'.

कपडे काय घालायचे? बसता येईल असे. संग्रहालयाला जाताना मात्र बुटांचा विचार करा, पहिल्या पत्रातल्या मुलीला विचारून.

आणि एकाने नाव न घालता विचारलंय, 'ऑपेरात झोप लागली तर?' लागते. माझ्या पहिल्या ऑपेराला मी दिवसभर उभी राहून गेले होते. दुसऱ्या अंकात दिवे मंद झाले आणि मी गेलेच. जाग आली ती टाळ्यांनी, आणि घाबरून सगळ्यांपेक्षा जोरात मीच टाळ्या वाजवल्या. शेजारी एक वयस्क बाई होत्या. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. त्यांनी काही न बोलता आपली कार्यक्रमपत्रिका माझ्या मांडीवर ठेवली आणि आता कुठे आलोय त्या ओळीवर बोट ठेवलं.